फऱ्याखालचं टपाल

उजव्या फऱ्याखाली, कण्यापासून चार बोटं लांब,
जिथे माझा हात वरूनही पोचत नाही
आणि खालूनही,
तिथे ते येऊन बसलं
माघात, रेवतीच्या हळदीच्या रात्री.

आई म्हणाली, उसण भरलीय बाय,
पायाळू माणसाची लाथ लागते हिला.
पाटलांचा सातवीतला निनाद बोलावला.
त्याने लाजत पाठीला अंगठा टेकवला
आणि लगेच वाकून माझ्या पाया पडला.
दोन दिवस खरंच बरं वाटलं.

जगदाळे साहेब म्हणाले, पिशवी खांदा बदलून घ्या, गुणवंतीताई.
वीस वर्षं उजवाच. कोपरखैरणे, सेक्टर एक ते तेवीस,
चेकबुकं, विम्याच्या नोटिसा, कोर्टाचे समन्स,
श्रावणात राख्यांचे फुगलेले लिफाफे.
डाव्या खांद्यावर पट्टा टिकेना,
घसरत राहिला, नोकरी नको असल्यासारखा.

सेक्टर पंधराच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं,
दहापैकी किती दुखतं?
किती ते मला सांगता येईना, कसं ते सांगितलं.
कळ नाही, कळ येते आणि जाते.
चमक नाही. ठणका दाताचा असतो.
हे बोथट आहे,
आत कुणी पाचर ठोकून विसरून गेल्यासारखं.
तिने लिहिलं : सहा.

मग रोज संध्याकाळी
भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू,
दोन्ही फरे मागे जवळ आणायचे,
मध्ये पेन्सिल धरल्यासारखे, दहा आकडे.
वर शेक.
मान मोकळी झाली. खांदा सैल झाला.
ते बसून राहिलं.

चैत्रात एका रात्री, दोन वाजता, घामाने परकर भिजला,
उलटी झाली.
वाशीच्या महापालिका रुग्णालयात आधी छातीला तारा लावल्या.
हृदय ठीक.
डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली, पुढून, बोटं रुतवली,
म्हणाल्या, श्वास घ्या.
श्वास अर्ध्यावर अडला.
काय खाल्लं होतं?
वडे. मटण.
आणि मागच्या वेळी?
मी आठवत गेले : हळद, साखरपुडा, वहिनीचं बारसं.
प्रत्येक दुखण्यामागून एक जेवणावळ निघाली.

पित्ताशयात चार खडे. वाटाण्याएवढे.
पण दुखतं तर पाठीत, मी म्हटलं.
बाईंनी केसपेपरच्या मागे रेघ ओढली :
निघतं इथून, पोचतं तिथे.
वर जायची वाट एकच,
मेंदूला कळत नाही, पाठवलं कुणी.

हे मला समजावून सांगायला नको होतं.
सेक्टर बारा, प्लॉट सहा आणि सेक्टर सहा, प्लॉट बारा.
गावठाणातला गोविंद म्हात्रे आणि सोसायटीतला गोविंद म्हात्रे;
एकाची नोटीस दुसरा तीन महिने
टीव्हीखाली दाबून ठेवतो, भीतीने.
आमच्या भातशेतांवर सेक्टर आखले,
तरी उधाणाचं पाणी गटारातून वर येतं
ते जुन्या बांधाच्या उतारानेच.

चार भोकं पाडून काढलं सगळं.
खडे औषधाच्या डबीत घालून हातात दिले,
पोच घेतल्यासारखी सही घेतली.
तिसऱ्या दिवशी
उजव्या खांद्यात पुन्हा.
मी घाबरून बेल दाबली.
सिस्टर हसली, पोटात भरलेला गॅस आहे हो,
दोन दिवसांत जाईल.
जुन्या पत्त्यावर आणखी एक.
गेलं ते.

पिशवीही खोटं बोलत नव्हती मात्र.
तिचंही काही होतं त्या दुखण्यात, दहापैकी दोन तरी.
म्हणून चेंडू सोडलेला नाही.
स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी,
पिवळ्या भिंतीवर एक काळसर गोल डाग पडलाय.
बरोबर माझ्या फऱ्याच्या उंचीवर.